पालक परिषदेत एक वर्ष, लहान खुर्च्यांवर बसून

प्रवेशाच्या अर्जावर शेवटी एक ओळ होती: 'प्रत्येक कुटुंबाकडून वर्षाला ४० तासांचा सहभाग अपेक्षित.' सही करताना मी ती वाचली होती, पण अटी-शर्ती वाचतो तशी. वर्षातून दोन पालकसभा, एखादा कार्यक्रम, झालं, असा माझा हिशेब. आज दीड वर्ष झालं. पहिले सहा महिने नुसती पालक होते, नंतरचं वर्षभर पालक परिषदेची चिटणीस. चिटणीस म्हणजे इतिवृत्त लिहिणारी. पहिल्या बैठकीला मी वही-पेन घेऊन गेले होते, एवढंच निमित्त पुरलं.

शाळेचं नाव देत नाही. शाळा इतकी छोटी आहे की दोन तपशील दिले तर मुलंसुद्धा ओळखू येतील. प्राथमिक शाळा, मिश्र वयाचे वर्ग: सहा ते आठची मुलं एका खोलीत, नऊ ते अकराची दुसऱ्या. परीक्षा नाही, क्रमांक नाही. सत्राच्या शेवटी ताई प्रत्येक मुलाबद्दल दोन पानी पत्र लिहितात. आम्ही या पत्रांवर भाळून आलो. पालकांनी काय करायचं, हा प्रश्न तेव्हा डोक्यातच नव्हता.

मला सगळ्यात जास्त जे मिळालं ते परिषदेत नाही, वाचनाच्या तासाला. आठवड्यातून एकदा पाऊण तास लहान गटात बसायचं आणि एकेका मुलाचं वाचन ऐकायचं. दुसऱ्याच आठवड्यात एक सात वर्षांचा मुलगा 'जंगलातल्या' या शब्दावर अडकला. 'जं... जंग...' मी चटकन शब्द पुरा केला. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने पुस्तक मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "मग तूच वाच ना." रागाने नाही, अगदी सरळ. ताईंनी लांबून पाहिलं होतं. नंतर एवढंच म्हणाल्या, "मनात दहा मोजा. बहुतेकदा सातपर्यंतच जावं लागतं." पहिले काही दिवस ते दहा आकडे संपता संपत नव्हते. आता घरीही मोजते.

इथे शाळेचा एक नियम आहे, आपल्या मुलाच्या वर्गात मदतीला जायचं नाही. मी आधी नाराज होते, सहभाग घ्या म्हणता आणि आपल्याच लेकीपासून लांब ठेवता? मग एकदा मोठ्या मुलांच्या ताई आजारी पडल्या आणि मला लेकीच्या वर्गात बसावं लागलं. एरवी शहाण्यासारखी वागणारी माझी मुलगी पाऊण तासात तीनदा रडली आणि एकदा टेबलाखाली जाऊन बसली. नियमाबद्दल पुन्हा तक्रार केली नाही.

आता वाईट भाग. पालक वर्गात आले की ते पाहतात, आणि पाहिलेलं तोंडात राहत नाही. गेल्या वर्षी एका मदतनीस पालकाने एका मुलाचा थयथयाट पाहिला, कुणाला तरी सांगितला, त्याचं व्हॉट्सअॅपवर चर्वितचर्वण झालं. नाव कुणी लिहिलं नाही, पण वर्णन असं की वेगळं नाव लागतच नव्हतं. त्या मुलाच्या आईला ते संध्याकाळी फाटकावर कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. त्या गटात 'कोण गं तो?' असं विचारणाऱ्यांत मीही होते. तो संदेश मी नंतर पुसला, पण वाचणाऱ्यांनी तो वाचलाच होता. ते कुटुंब सत्र संपल्यावर शाळा सोडून गेलं. त्यानंतर शाळेने एक पानाचा करार केला: वर्गात दिसलेलं फक्त ताईंशी बोलायचं, मोडलं तर मदतीचं काम बंद. हे पान पहिल्याच दिवशी हातात पडायला हवं होतं. माझ्या मते शाळेची सगळ्यात मोठी चूक हीच: दारं उघडली, उंबरठ्याचे नियम नंतर सांगितले.

परिषदेकडे वळते. महिन्यातून एक बैठक, संध्याकाळी, लहानांच्या वर्गात. गुडघे छातीला लागतील अशा खुर्च्या. ग्रंथालय, बाग, निधी आणि प्रवेश अशा चार समित्या. निधीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जुन्या वस्तूंची विक्री झाली, पैसे जमले, पुस्तकांचं कपाट आलं.

सांगण्यासारखं आहे ते निर्णय कसे झाले त्याबद्दल. आमच्याकडे मतदान नव्हतं, 'सर्वांची सहमती' होती. ऐकायला छान. प्रत्यक्षात, ज्याच्याकडे रात्री दहापर्यंत बसायला वेळ आहे त्याची सहमती. मोठ्या वर्गासाठी टॅबलेट आणायचे की नाही यावर तीन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीला आम्ही तेवीस जण होतो. पावणेदहाला नऊ उरलो, आणि त्या नऊ जणांनी 'नको' ठरवलं. मी इतिवृत्तात इमानेइतबारे 'सर्वानुमते' लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका आईने मला फाटकावर थांबवून विचारलं, "सर्व म्हणजे कोण?" तिला लहान बाळ होतं, ती साडेआठलाच उठून गेली होती.

यानंतर परिषदेत दोन तट पडले. एका बाबांचं म्हणणं, सरळ हात वर करा. १९२१ साली ए. एस. नील यांनी सुरू केलेल्या समरहिल या इंग्लंडमधल्या शाळेत, शाळेच्या सभेत सहा वर्षांच्या मुलालाही एक मत आणि मुख्याध्यापकालाही एकच, तिथे चालतं तर इथे का नाही? दुसरी बाजू म्हणाली, बहुमत म्हणजे निम्म्याहून थोडे कमी लोक कायमचे रुसलेले. हा वाद शाळांना नवा नाही. हॉलंडमध्ये बिल्टहोवनला १९२६ मध्ये शाळा काढणारे केस बूके क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, त्यांना बहुमताचा निर्णयच मान्य नव्हता. मुलं आणि मोठी माणसं मिळून सगळ्यांना चालेल असा तोडगा शोधायचे. पण त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट होती जी आम्ही सोयीस्कर विसरलो होतो: ठरलं की त्याप्रमाणे वागायची प्रत्येकाची तयारी हवी, आणि एकमत होत नसेल तर निवडलेले प्रतिनिधी पुढे बसून सोडवतील. त्यांचेच एक विद्यार्थी गेरार्ड एंडनबर्ग यांनी पुढे आपल्या विजेच्या कामांच्या कंपनीत हीच पद्धत नियमांत बसवली. तिथे प्रश्न 'सगळ्यांना आवडलं का' असा नसतो, 'कुणाची सबळ हरकत आहे का' असा असतो.

आम्ही तेवढाच प्रश्न उचलला. 'मला पटत नाही' ही हरकत नाही, 'यामुळे अमुक बिघडेल' ही हरकत. विषय आठवडाभर आधी कळवायचा, येऊ न शकणाऱ्याने हरकत लिहून द्यायची, आणि नव्वद मिनिटांनी दिवे बंद. टॅबलेटचा विषय पुन्हा उघडला. एका सत्रापुरते दोन टॅबलेट ग्रंथालयात ठेवायचे आणि मग बघायचं, हे चाळीस मिनिटांत ठरलं. फार आनंदी कुणीच नव्हतं. मात्र फाटकावर कुणी मला थांबवलं नाही.

खरं सांगायचं तर ही शिस्त आम्हाला पोरांनी लावली. मुलांची वेगळी सभा असते, दर शुक्रवारी. भिंतीवर मोठा कागद, त्यावर तीन रकाने: तक्रार, कौतुक, सूचना. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांच्या वर्गांतला भित्तिपत्राचा हा प्रकार, अजून बऱ्याच शाळांत चालतो. तक्रारीखाली नाव लिहावंच लागतं, आणि सभेच्या आधी आपापसात मिटलं तर लिहिणाऱ्यानेच काट मारायची. मी एकदा सहज मोजलं, अकरा तक्रारींपैकी सात गुरुवारीच कापल्या गेल्या होत्या.

उरलेल्या चारांतली एक होती: 'मोठी माणसं फाटकात उभं राहून बोलतात. आम्हाला आत येता येत नाही.' परिषदेला बोलावणं आलं. चिटणीस म्हणून मी गेले. अध्यक्षस्थानी साडेआठ वर्षांची मुलगी, समोर वाळूचं घड्याळ. मी सुरुवात केली, "खरं म्हणजे पालकांनाही एकमेकांशी बोलायला..." तिने घड्याळ उलटं करून माझ्याकडे सरकवलं. "एक मिनिट आहे. तुम्ही उपाय आणलाय का?"

मी आणला नव्हता. एका मुलाने सुचवलं, खडूने रेष मारा, मोठ्यांनी रेषेच्या बाहेर. हरकत? नाही. पुढचा विषय. सगळं मिळून चार मिनिटं. पुढच्या परिषदेत आम्ही तसलंच वाळूचं घड्याळ आणलं. एक दोघांना तो पोरकटपणा वाटला, आणि नेमके तेच दोघे सगळ्यात जास्त बोलणारे होते.

तासांच्या नोंदीबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. सुरुवातीला सूचना फलकावर तक्ता होता, कुटुंबाचं नाव आणि भरलेले तास. रात्रपाळी करणाऱ्यांच्या, एकट्याने मूल वाढवणाऱ्यांच्या नावापुढे शून्य. ती माणसं फलकाकडे न बघता पुढे जायची. दोघींनी मला सांगितलं की सोडायला येतानाही लाज वाटते. पालकसहभागावर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधक जॉइस एपस्टीन यांनी त्याचे सहा प्रकार सांगितलेत, आणि शाळेत येऊन काम करणं हा त्यातला फक्त एक. घरी मुलाचा अभ्यास, शाळेशी बोलणं, निर्णयात भाग घेणं हेही त्यातच मोडतं. आमचा तक्ता एकच प्रकार मोजत होता. वर्षभराच्या कटकटीनंतर तो उतरला. आता कामांची यादी असते, त्यात फाटकी पुस्तकं घरी नेऊन चिकटवणंही आहे. रात्रपाळीवाल्या एका बाबांनी दोन महिन्यांत साठ पुस्तकं नीट करून पाठवली. त्यांना मी अजून भेटलेले नाही.

एक खटकणारी गोष्ट अजून तशीच आहे. पाढे कधी, शुद्धलेखन कधी, हे प्रश्न परिषदेत घुसतातच. कसं शिकवायचं हे ताई ठरवतात, परिषद नाही, असं कागदावर स्पष्ट आहे. तरी दर दोन महिन्यांनी कुणीतरी शेजारच्या शाळेतल्या मुलाची वही आणतं. ताईंनी एकदा आम्हालाच मणी आणि ठोकळे देऊन भागाकार करायला बसवलं. तीन अभियंते अडकले. तेवढ्या दिवसापुरती शंका शांत झाली, पुढच्या बैठकीला पुन्हा वर आली. मलाही ती अधूनमधून येते, लपवत नाही. लेकीचं शुद्धलेखन भयंकर आहे.

अशी शाळा घ्यावी का, असं विचारणाऱ्यांसाठी: मुलाला सोडून देऊन निर्धास्त व्हायचं असेल, तर अशी शाळा त्रास देईल. लोकांबरोबर बसून कंटाळण्याची तयारी असेल तर जमेल. अध्यक्षपद मात्र घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. अध्यक्षांना सुट्टीच्या दिवशीही फोन येतात, आणि ते बहुतेक पार्किंगबद्दल असतात.

नव्या वर्षाचा अर्ज कालच भरला. वाचनाचा तास आणि पुस्तकं चिकटवणं, दोन्हींवर खूण केली. यंदा खाली एक नवीन रकाना आहे, 'कोणतं काम नको?' त्यात मोठ्या अक्षरात 'इतिवृत्त' लिहिलंय. दोनदा अधोरेखित करून.