चार स्टार, आणि चारही पान २६९ ला

कर्निहॅन आणि रिचीचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज', दुसरी आवृत्ती, १९८८ ची. आप्पा बळवंत चौकातून जुनी कॉपी उचलली, कव्हरला सेलोटेप, पहिल्या पानावर कुणाच्यातरी चहाच्या कपाचा गोल. सी शिकायला नाही हां, सी चा नि माझा संबंध सेकंड इयरलाच संपला, घेतलं ते मागच्या इंडेक्ससाठी.

त्यात रिकर्शन शोधा, म्हणजे एखाद्या गोष्टीने परत स्वतःलाच बोलावणं. पुढे पानं दिलीत ८६, १३९, १४१, १८२, २०२, २६९. आता २६९ उघडायला जावं तर आपण २६९ वरच उभे! कुठे गाजावाजा नाही, काही नाही, गुपचूप टाकून दिलंय. मी दुकानातच हसायला लागलो तर मालक म्हणे, "काय हो, फाटलंय का पान?"

खरं शिकवणं ८६ वर सुरू होतं. समजा १२३ छापायचेत, तर गंमत अशी की हाताला आधी ३ लागतो पण तो छापायचा शेवटी, म्हणून फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एक काम करणारा तुकडा, स्वतःलाच हाक मारतं की बाबा आधी १२ चं बघ, ते परत स्वतःलाच सांगतं १ चं बघ, आणि १ वर आलं की पुढे काही उरतच नाही, मग परतीच्या वाटेवर १, २, ३ छापत येतं. आमच्या सरांनी यावर दोन लेक्चरं घेतली होती, इथे एक-दीड पानात विषय संपला.

बेस केस, म्हणजे ही स्वतःला हाक मारणं जिथे थांबतं ती जागा, मला कळायला उशीर का झाला, तर आजीमुळे. "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "सांग." "सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "आजी, पुरे ना!" "आजी पुरे ना काय म्हणतोस, कापूसकोंड्याची..." कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम निदान स्टॅक ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे हाका लक्षात ठेवायची जागा भरून, मरतो तरी, आजी दमायचीच नाही.

आधीच्या मालकाने २६९ च्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय, 'कुठलाही आकडा अक्षरात लिही, अक्षरं मोज, परत तेच कर.' सत्त्याण्णव घेतला, चार अक्षरं. चार ची दोन. दोन ची दोनच, अडकलो. एक ते दहा सगळेच दोन अक्षरी निघाले की हो! बसस्टॉपवर मोजत बसलो, बस गेली.

एक स्टार कापला कारण घरी येऊन बघतो तर १३९ ते १४२ पानं गायब, म्हणजे स्वतःसारख्याच दुसऱ्याकडे बोट दाखवणारी स्ट्रक्चर्स, माहितीचे गठ्ठे हो, जिथे शिकवलीत नेमकी तीच. दुकानाचा मालक म्हणे जुन्या पुस्तकाला गॅरंटी नसते. तेव्हा पानं मोजून घ्या. मी दुसरी कॉपी शोधतोय, तिच्यात ही चार पानं असतील आणि २६९ नसेल, एवढं नशीब माझं मला पाठ आहे.