‘हेल्प’ की ‘अ विअर्ड एक्झिट्स’: जॉन ड्वायर यांचा कोणता अल्बम आधी घ्यावा?

अमेरिकी गायक-गिटारवादक जॉन ड्वायर यांच्या कामाच्या मानाने त्यांचे नाव आपल्याकडे फारच कमी ठाऊक आहे. त्यांचा पसारा मात्र एवढा मोठा आहे की, नव्याने ऐकू पाहणाऱ्याने सुरुवात कोठून करावी हा प्रश्न खरोखरच पडतो. मला पडला तेव्हा बरीच चाळणी लावून दोन अल्बम हाती उरले: 2009 चा ‘हेल्प’ आणि 2016 चा ‘अ विअर्ड एक्झिट्स’. पहिल्यात गॅरेज पंकचा, म्हणजे ओबडधोबड, वेगवान रॉकचा, कळस आहे, तर दुसऱ्यात त्याच माणसाने सायकेडेलिक नॉइज रॉककडे, म्हणजे गुंगवणाऱ्या, गोंगाटाच्या रॉककडे, घेतलेले वळण पूर्ण झालेले दिसते. दोन्ही माझ्या संग्रही आहेत आणि दोन्ही मला प्रिय आहेत. तरी एकच घ्यायचा असेल तर कोणता, याविषयी माझे मत आता बरेचसे स्थिर झाले आहे.

वळण हा शब्द थोडा जपून वापरायला हवा. ड्वायर मूळचे अमेरिकेतील प्रॉव्हिडन्सचे. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत ‘कोचव्हिप्स’ या गटात ते टेलिफोनच्या रिसीव्हरपासून केलेल्या मायक्रोफोनमधून गात असत, त्यामुळे त्यांचा आवाज चिरकत, फाटत बाहेर पडे. त्याच्याही आधी ‘पिंक अँड ब्राउन’ या दोघांच्या गटात निव्वळ गोंगाटाचे प्रयोग झाले होते, आणि आज ‘ओसीज’ म्हणून ओळखला जाणारा त्यांचा गट तर घरात एकट्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांतून उभा राहिला. म्हणजे गोंगाट आणि प्रयोग त्यांच्याकडे उतारवयातली हौस म्हणून आलेले नाहीत. मधल्या काळात त्यांनी ते तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांत घट्ट बांधून ठेवले आणि पुढे ती गाठ हळूहळू सैल केली, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

‘हेल्प’ हा त्या घट्ट बांधणीचा उत्तम नमुना आहे. पहिलेच गाणे, ‘एनिमी डिस्ट्रक्ट’, सुरू होताच अंगावर येते. ड्वायर आणि ब्रिजिड डॉसन यांचे आवाज जवळजवळ सगळीकडे जोडीने चालतात आणि त्या जोडीमुळे फझने (मुद्दाम फाटका केलेल्या आवाजाने) भरलेल्या गिटारवरही एक गोड, जुन्या पॉप गाण्यांसारखी चाल टिकून राहते. ‘मीट स्टेप लाइव्हली’मध्ये अचानक बासरी येते, तेव्हा पुढच्या वळणाची चाहूल लागते. चाली तोंडात बसणाऱ्या आहेत, त्यामुळे एकदा ऐकलेले गाणे दुसऱ्या दिवशी कामाच्या नादात ओठांवर येते. ज्याला गाणे म्हणजे आधी चाल असे वाटते, त्याला हा अल्बम निराश करणार नाही.

माझा निर्णय मात्र कुलरने केला. खानदेशात राहणाऱ्याला हे सविस्तर सांगण्याची गरज नाही. मार्च सरतो न सरतो तोच घराघरांतले कुलर सुरू होतात आणि पावसाची पहिली चांगली सर येईपर्यंत ते थांबत नाहीत. जळगावात पारा 45 अंशांच्या आसपास असताना संगीतासाठी कुलर बंद करावा, असे घरात कोणी सुचवूही शकत नाही. म्हणजे वर्षाचा जवळजवळ चौथा हिस्सा आपण जे काही ऐकतो ते त्या घरघरीच्या जोडीनेच ऐकतो. ‘हेल्प’मध्ये आवाज, गिटार आणि झांजा एकमेकांत इतक्या दाटून बसवलेल्या आहेत की, कुलर चालू असताना शब्द आणि चाल दोन्ही बुजतात. म्हणून आवाज वाढवावा, तर गिटारची आणि झांजांची वरची धार थेट कानात घुसते. म्हणून कमी करावा, तर गाणे पुन्हा बुडते. या वर-खाली करण्यात तीन मिनिटे संपतात आणि पुढचे गाणे सुरू होते. आवाजाची कळ हातातून सुटत नाही, ही गोष्ट लहान वाटेल; पण ऐकण्यातले सगळे सुख तीच काढून घेते. मी वेगळे स्पीकर लावून पाहिले, हेडफोनही वापरले. हेडफोनने कुलर दूर जातो हे खरे, परंतु उकाड्यात कान झाकून फार वेळ बसवत नाही. हा माझ्या घरातला अनुभव आहे, मोजमाप नव्हे; ज्यांच्याकडे शांत वातानुकूलित खोली आहे त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

‘अ विअर्ड एक्झिट्स’ त्याच कुलरसमोर वेगळा वागतो. त्यात दोन ड्रमवादक एकाच वेळी वाजवतात, बेस ठाम आणि पुढे आहे, आणि एकदा धरलेला रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) ड्वायर लवकर सोडत नाहीत. ‘टिकलिश वॉरियर’ किंवा ‘प्लास्टिक प्लांट’ ऐकताना पहिली काही आवर्तने घरघरीत हरवली तरी बिघडत नाही, कारण तीच लय पुन्हा येते, पुन्हा येते आणि कानाला तिची जागा सापडते. एकदा ती सापडली की तिच्यावर गिटार काय करते आहे, कोठे ती फाटते आहे, कोठे सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य) मधूनच डोकावतो आहे, हे आपोआप ऐकू येऊ लागते. सातपुड्यात काठी या गावच्या होळीला रात्रभर घुमणारे मोठे ढोल ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना एकाच ठेक्यात दीर्घ काळ राहण्यातला आनंद वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. तिथेही ठेका बदलत नाही, बदलत जातो तो ऐकणारा. या अल्बममध्ये पंक कोठेही हरवलेला नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. ‘जिलॅटिनस क्यूब’मधली गिटार ‘हेल्प’इतकीच उद्धट आहे; फक्त आता तिला धावायला लांब रस्ता मिळाला आहे.

या अल्बमच्या उणिवाही सांगायला हव्यात. ‘हेल्प’मध्ये डॉसन यांचा आवाज जसा सतत सोबतीला असतो, तसा तो इथे नाही आणि त्याची उणीव मला आजही भासते. गुणगुणता येतील अशा चाली कमी आहेत आणि ‘जॅम्ड एन्ट्रन्स’सारखे तुकडे तर शब्दांविनाच आहेत. शिवाय शेवटच्या ‘दि ॲक्सिस’ची संथ ऑर्गनची सुरुवात कुलरसमोर टिकत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. पण त्याच रचनेच्या अखेरीस गिटार असा काही फुटतो, ध्वनिमुद्रणच चिरडून निघाल्यासारखा, की त्यापुढे कोणत्याही पंख्याचे काही चालत नाही. ड्वायर यांचे वळण नेमके काय आहे, हे एखाद्याला थोड्या वेळात दाखवायचे झाले तर मी ही शेवटची काही मिनिटे ऐकवीन.

ज्यांना या दोहोंच्या मधली वाट हवी असेल, त्यांच्यासाठी 2011 चा ‘कॅरियन क्रॉलर/द ड्रीम’ आहे. दोन लहान अल्बमच्या बेताने सुरू झालेले ते काम पुढे एकत्र केले गेले आणि दोन ड्रमवादकांची कल्पना त्यात आधीच आलेली आहे. तडजोड म्हणून तो उत्तम आहे; परंतु पहिल्याच खरेदीत तडजोड करू नये, असे मला वाटते. थंडीच्या दिवसांत, कुलर गच्चीवर झाकून ठेवलेला असताना, मी आजही आवडीने ‘हेल्प’ लावतो. वर्षभर सोबत करील असा एकच अल्बम निवडायचा असेल, तर मात्र माझे वजन ‘अ विअर्ड एक्झिट्स’च्या पारड्यात पडते.

शोधताना एक काळजी घ्यावी. गटाचे नाव वेळोवेळी बदलत गेले असून हे दोन्ही अल्बम ‘दी ओह सीज’ या नावाने निघाले आहेत, त्यामुळे केवळ आजच्या नावाने शोधल्यास ते चटकन सापडणार नाहीत. एलपी मागवायची असल्यास दिवाळीनंतर मागवावी. एप्रिल-मे महिन्यांत टपालाच्या गाडीत तापलेली तबकडी वाकण्याची भीती असते. आणि 2016 च्याच अखेरीस आलेला ‘ॲन ऑड एन्ट्रन्सेस’ हा त्याच ध्वनिमुद्रणाच्या वेळचा जोड-अल्बम, नावे जवळची असल्यामुळे, चुकून आधी घेतला जाण्याचा संभव आहे. तो अधिक मोकळा आणि विसावलेला आहे. ‘अ विअर्ड एक्झिट्स’ अंगवळणी पडल्यावर तो घ्यावा.