कॅनबेराचे दोन कारभारी: ग्रिफिन की बटर्स?

१९५६मध्ये नागपूरचं राजधानीपद गेलं. त्यामुळे राजधानी नव्यानं वसवणाऱ्यांबद्दल मला विशेष ओढ आहे. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा वसवणारे हे दोघे पाहा.

अमेरिकन वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी १९१२मध्ये या शहराच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली: टेकड्यांच्या रोखानं आखलेले रस्ते, त्रिकोणी मांडणी, मधोमध तलाव. १९१३ ते १९२० ते राजधानीच्या आराखडा आणि बांधकामाचे संचालक होते. पण सरकारी खात्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांना कामच करू दिलं नाही. १९१७मध्ये शाही आयोगानंही (सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं) तसा ठपका ठेवला. त्यात पहिल्या महायुद्धानं पैसा आटला. ग्रिफिन १९३७मध्ये आपल्या लखनौत वारले. तलाव भरला १९६४मध्ये, त्यांचंच नाव घेऊन. हे वाचून जीव हळहळतो.

जॉन बटर्स मूळचे टास्मानियाच्या जलविद्युत खात्यातले अभियंता. १९२५मध्ये राजधानी आयोगाचे प्रमुख झाले आणि जमीन, बांधकाम, कारभार एकाच छत्राखाली आला. ९ मे १९२७ रोजी संसद तात्पुरत्या इमारतीत भरली!

एका कामासाठी दोन कार्यालयांचे उंबरठे झिजवलेल्या माणसाला या एकहाती अधिकाराचं मोल लगेच कळतं. कारभारासाठी माझं मत बटर्सनाच. आराखडा मात्र ग्रिफिन यांचाच हवा.