उद्यमबाग की हिंजवडी?

खानापूरचा भाचा व्हीटीयू विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाला, "मामा, कोडिंग आता एआयच करतंय म्हणतात. शिवाय इंग्रजीत इंटरव्ह्यू म्हटला की माझ्या घशाला कोरड पडते. पुण्याला जाऊ की उद्यमबागेत लागू?" पुण्यात हिंजवडीच्या आयटी कंपनीत आणि इथं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, दोन्हीकडं नोकरी केलेला घरात मी एकटाच, त्यामुळं प्रश्न माझ्या ताटात पडला.

पगाराचं आधी उरकतो. हिंजवडीत जास्त, वादच नाही. घरभाडं, मेस आणि शुक्रवार रात्रीची बेळगावची बस वजा केली तर फरक कमी होतो, पण राहतो. सोयरीक जुळवतानाही पुण्याची नोकरी बरी दिसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा मला पुण्यात दोन वर्षं झाली होती. आधी मजा वाटली. दिवसभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधी व्हायचं. मग एका रिव्ह्यूत, म्हणजे कोडच्या तपासणीत, सीनियरनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "ही अट कशासाठी घातलीस?" मला सांगता येईना. कोड चालत होता, टेस्ट पास होत्या. तो रागावलाही नाही, 'ओके' म्हणून पुढच्या फाईलवर गेला. तेच मला लागलं. त्यानंतर रोज काम संपलं की एकच खुटखुट: यातलं मला येतं किती? घरी बोलावं तर उत्तर ठरलेलं, "पगार येतोय न्हवं?"

पुणं सोडून आलो ती उद्यमबागही काही जुन्या काळात अडकलेली नाही. मी व्हीएमसीचं, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणाऱ्या मशिनचं, प्रोग्रॅमिंग करतो. टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या टूलनं जायचा मार्ग, कॅम सॉफ्टवेअर काढून देतं; हातानं जी-कोड, म्हणजे मशिनला द्यायच्या आज्ञा, लिहायच्या त्या किरकोळ दुरुस्तीपुरत्या. जॉब, म्हणजे कापायचा भाग, मशिनवर चढवणारे रोबोही आले आहेत. म्हणून इथली नोकरी कायमची, असं मी त्याला सांगितलेलं नाही.

पण बिडाचं कास्टिंग सॉफ्टवेअरचं सगळंच ऐकत नाही. सकाळी थंड मशिनवर काढलेला बोअर (गोल भोक) आणि दुपारी तीनचा बोअर, प्रोग्रॅम तोच, माप वेगळं. स्पिंडल तापून लांबतो, टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, इन्सर्ट, झिजतो, कास्टिंगचा एखादा कोपरा लवकर थंड होऊन कडक झालेला असला तर टूल किंचाळतं. बोअर गेज आत घालायचा, काटा वीस मायक्रॉन सरकलेला दिसला की ऑफसेट, म्हणजे तेवढी मापाची दुरुस्ती, मशिनला द्यायचा. शेजारच्या मशिनवरचा गोकाकचा ऑपरेटर "ऑफसेट नोडु" (ऑफसेट बघ) म्हणून कानडीत ओरडतो, मी मराठीत उत्तर देतो, काम अडत नाही.

मागच्या महिन्यात ऑफसेटमध्ये अधिकच्या जागी वजा टाकलं आणि आठ जॉब भंगारात गेले. मालक जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण चूक कुठं झाली ते मला बोट ठेवून सांगता आलं, आणि रात्री झोप लागली.

उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो, कूलंटचा वास कपड्यांतून जात नाही, पगारवाढ मागून घ्यावी लागते. उलट पुण्यातला तेव्हाचा माझा रूममेट तेच एआय वापरतो, पण त्याच्या प्रत्येक ओळीशी भांडतो. त्याचं उत्तम चाललंय. कोडवर माझा तेवढा जीव नव्हता, असंही असेल.

भाच्याला म्हटलं, कॅम्पसच्या परीक्षा सोडू नकोस, पण सुट्टीत पंधरा दिवस शॉपवर ये. सोमवारपासून येतोय. माझे सेफ्टी शूज त्याला एक नंबर मोठे होतात, तिसऱ्या रेल्वे गेटाकडं त्याच्या मापाचे बघायला हवेत.