आईसोबत बसून पाहायची पहिली क्विअर शॉर्टफिल्म: चारांतली कोणती?

‘मी क्विअर आहे, म्हणजे समलिंगी, हे घरी सांगायचंय, पण त्याआधी आईच्या शेजारी बसून एखादी फिल्म बघावी असं वाटतंय. लांबलचक नको. कोणती लावू?’ हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत तीन-चार जणांनी विचारला आहे. दर वेळी मी आधी उलट विचारते, शेजारी बसणार कोण? कारण चांगली फिल्म आणि त्या संध्याकाळी चालणारी फिल्म या वेगळ्या असू शकतात.

मराठी घराला जवळच्या वाटतील अशा चार फिल्म मी समोर ठेवते. रवी जाधव यांची ‘मित्रा’ (2014), फराझ आरिफ अन्सारी यांची ‘सिसक’ (2017), रोहन कानवडे यांची ‘उ उषाचा’ (2019) आणि नीरज घेवान यांची ‘गीली पुच्ची’ (2021). कोणाला कोण आवडतं, एवढ्यावर यातली एकही थांबत नाही. या माणसाला बसायला जागा कुठे आहे, हा माझ्या मते चारही गोष्टींतला खरा प्रश्न आहे. गाव न सोडता, घर न सोडताही माणूस बेघर असू शकतो.

‘मित्रा’पासून सुरुवात करावी असं बहुतेकांना वाटतं, आणि त्याला कारणं आहेत. विजय तेंडुलकरांची कथा, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा काळ, कृष्णधवल चित्रण, वीणा जामकर आणि संदीप खरे. 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुपट ठरलेली ही फिल्म. घरात नाटकं पाहिली जात असतील, कोणाला 1981 मध्ये रंगमंचावर आलेलं, रोहिणी हट्टंगडींचं ‘मित्राची गोष्ट’ आठवत असेल, तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. ‘ही हल्लीची थेरं’ असं म्हणायला तिथे वाव राहत नाही. देश स्वतंत्र होत असताना एका मुलीला मात्र आपल्या मनाचं मोकळेपणाने बोलता येत नाही, ही विसंगती आईवडिलांच्या पिढीला पटकन पोचते.

तरी माझी एक तक्रार आहे. या मुलीचं, सुमित्राचं, दुःख आपल्यापर्यंत येतं ते तिच्यावर जीव असलेल्या एका पुरुषाच्या मार्फत. तो भला आहे, पण गोष्टीची किल्ली त्याच्या हातात आहे. शिवाय सगळ्यावर शोकांतिकेची सावली पडलेली आहे. तुम्ही स्वतःबद्दल सांगायला निघाला असाल आणि आईने ‘म्हणजे तुझंही असंच होणार का?’ असं विचारलं, तर त्या रात्री उत्तर देणं जड जाईल.

म्हणून मी ‘उ उषाचा’कडे वळते. उषा शेतमजूर आहे, एकटीने घर चालवणारी आई आहे, तिला लिहितावाचता येत नाही. प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेकडे ती ओढली जाते आणि त्या ओढीतूनच तिच्या मनात अक्षरं शिकायची इच्छा जागी होते. जेमतेम वीसेक मिनिटांची फिल्म. ‘उ उखळाचा’ असं पाटीवर गिरवलेल्या माणसाला या नावातच काहीतरी हलून जातं. उखळाच्या जागी एक बाई येऊन उभी राहते, तिच्या स्वतःच्या नावाने. आपल्या घरांत म्हातारपणी अंगठ्याऐवजी सही करायला शिकलेली एखादी आजी असतेच, त्यामुळे उषा परकी वाटत नाही. तिच्या ओढीला नाव द्यायची घाई आपल्याला होते. तिच्याकडे तर अजून अक्षरंच नाहीत. ‘हे सगळं शहरातल्या, इंग्रजी शिकलेल्यांचं’ असं ज्यांना ठाम वाटतं, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. याच कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या आनंदची ती गोष्ट. पण तो पूर्ण लांबीचा सिनेमा आहे, पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

‘सिसक’बद्दल थोडक्यात. मुंबईची लोकल, दोन पुरुष, एकही संवाद नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा लागू केलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, त्या मधल्या वर्षांतली ही फिल्म. ते मौन कुठून आलं हे तारखा पाहिल्यावर कळतं. मित्रमैत्रिणींत पाहायला सुंदर. आईसोबत मात्र जोखीम आहे, कारण संवाद नसले की बघणारा आपल्या मनातलंच त्यात भरतो.

राहिली ‘गीली पुच्ची’. आधी नावाचं बोलून घेऊ, मराठी कानाला ते भलतंच ऐकू येतं. हिंदीत लाडाने गालावर घेतलेली ओली पापी, एवढाच अर्थ आहे हे आधीच सांगून टाका. ‘मसान’चे दिग्दर्शक घेवान आपण दलित असल्याचं जाहीरपणे सांगतात, आणि ते भान या चाळीसेक मिनिटांत भरून आहे. दलित असलेली भारती मंडल (कोंकणा सेन शर्मा) कारखान्यात यंत्रावर काम करते. तिला हवी आहे ऑफिसातली डेटा ऑपरेटरची खुर्ची. शिक्षण आहे, तरी ती खुर्ची मिळते नव्याने आलेल्या प्रिया शर्माला (अदिती राव हैदरी). दोघी जवळ येतात. आडनाव सांगायची वेळ येते तेव्हा भारती ‘बॅनर्जी’ हे ब्राह्मणी आडनाव सांगते. मन लपवायचं ते वेगळंच, त्याआधी जात लपवावी लागते.

ही मी माझ्या मावशीसोबत पाहिली. दोघींच्या जवळिकीचे प्रसंग चालू असताना ती मोबाइल चाळत होती. मग प्रियाच्या सासरी चहा येतो. घरच्यांना कपात, भारतीला स्टीलच्या पेल्यात. मावशीने मोबाइल बाजूला ठेवला. म्हणाली, ‘आमच्या वाड्यात असा एक कप होता. कान तुटलेला. मागल्या दाराच्या कोनाड्यात पालथा असायचा. कामाला येणारी बाई आपला आपण विसळून ठेवायची.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘हिला दोन्हीकडून बाहेरच ठेवलं की गं.’

तेव्हा माझी निवड अशी. वडीलधारे नाटक-साहित्यातले असतील तर ‘मित्रा’, पण नंतर बोलायची तयारी ठेवून. आई स्वतः शिकण्यासाठी झगडलेली असेल, किंवा गावाकडची असेल, तर बिनदिक्कत ‘उ उषाचा’. आणि घरात जातीबद्दल बोललं जात असेल, किंवा मुद्दाम बोललं जात नसेल, तर ‘गीली पुच्ची’. एकच निवडायची तर मी हीच निवडेन, कारण इथे कोणी नुसतं बिचारं नाही. भारती हिशेब करते, दुखावते, चुकते. नेटफ्लिक्सवर ‘अजीब दास्तांस’ या संग्रहातली ती तिसरी गोष्ट आहे. संग्रह पहिल्यापासून लावू नका, थेट तिच्यावर जा.

या चौघींत ट्रान्स माणसाची, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा आपली ओळख वेगळी मानणाऱ्याची, गोष्ट नाही, ही मोठी उणीव आहे. त्यासाठी लाहोरमध्ये घडणारी सईम सादिक यांची ‘डार्लिंग’ (2019) शोधा. ट्रान्स अभिनेत्री अलीना खान तिच्यात आहे आणि व्हेनिस चित्रपट महोत्सवात या फिल्मने लघुपटाचा पुरस्कार मिळवला होता. आणि परदेशात राहणाऱ्या भाच्या-पुतण्यासाठी विचारत असाल तर प्रतिभा परमार यांचा ‘खुश’ (1991) हा माहितीपट. ब्रिटन, उत्तर अमेरिका आणि भारतातले दक्षिण आशियाई समलिंगी लोक त्यात स्वतः बोलतात.

फिल्म संपली की लगेच ‘कशी वाटली?’ विचारू नका. त्या रात्री मावशी काहीच न बोलता झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडताना तिने आपणहून विषय काढला, तोही भारतीचा नव्हे, प्रियाचा. ‘त्या पोरीचं लग्न करायच्या आधी तिला कोणी विचारलं होतं का गं?’