कुंड्यांसाठी निंबोळी अर्क की कडुनिंबाचं तेल?

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की दोन सल्ले हमखास मिळतात: 'पाच टक्के निंबोळी अर्क मारा' आणि 'लिटरला पाच मिली नीम तेल घाला'. आकडा दोन्हीकडे पाचच, आणि घोटाळा तिथेच होतो. पाच टक्के अर्क म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी. लिटरला ५ मिली तेल म्हणजे फक्त अर्धा टक्का. तेलही पाच टक्के समजून ५० मिली ओतलं, तर पानं तेलकट होऊन उन्हात करपतात.

अर्क स्वस्त पडतो, पण खटाटोप आहे. निंबोळीची ५० ग्रॅम भरड ३०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी सुती कापडातून पिळा, चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा पिळा. मग त्यात पाणी घालत एकूण १ लिटर करा. वेगळं लिटरभर पाणी ओतलं तर अर्क फिका होतो. शेवटी २ ग्रॅम साबणचुरा विरघळवून घाला. कापड दुहेरी हवं. बारीक कण राहिले की छोट्या बाटलीचं नोझल तुंबतं आणि फवाऱ्याऐवजी नुसती धार येते. निंबोळी आठ महिन्यांहून जुनी नको, आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा.

तेलाचं काम पाच मिनिटांचं, मात्र क्रम चुकता कामा नये. एक लिटर फवाऱ्यासाठी सुई काढलेल्या सिरिंजने ५ मिली तेल घ्या. चमचा किंवा बाटलीचं झाकण भरवशाचं नाही, अर्ध्या लिटरला लागणारं अडीच मिली तर त्याने मोजताच येत नाही. वाटीत तेल आणि १ ते २ मिली भांडी घासायचं लिक्विड एकजीव करा, मग कोमट पाणी थोडं थोडं घालत ढवळा. दुधासारखं पांढरं झालं की जमलं. वर सोनेरी थेंब तरंगत असतील तर फवारू नका: आधी नुसतं पाणी जाईल आणि तळाशी आल्यावर शुद्ध तेल पानावर पडेल. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तेल सुटतं; तिथे पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी वापरा. थंडीत तेल थिजलं तर बाटली गरम पाण्यात ठेवा.

लेबलवर 'अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम' किंवा '१०,००० पीपीएम' (म्हणजे कडुनिंबातल्या कीडरोधक घटकाचं दहा लाख भागांतलं प्रमाण) असेल तर ते कच्चं तेल नव्हे. त्यात मिसळण्यासाठीचा घटक आधीच असतो, म्हणून साबण नको आणि मात्रा लेबलवरचीच घ्या.

बाल्कनीत दहा-बारा कुंड्या असतील तर तेलच घ्या. गच्चीवर पाच लिटरचा पंप चालत असेल आणि गावाकडून निंबोळी मिळत असेल, तर अर्क परवडतो. पिठ्या ढेकणावर (पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या किडीवर) मात्र साबण-तेलाचं मिश्रणच बरं, कारण त्याच्या मेणचट आवरणावर नुसतं पाणी टिकत नाही. काहीही निवडलं तरी आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा, फवारणी संध्याकाळी करा, पानाची खालची बाजू भिजवा आणि आठवड्याने पुन्हा मारा. कडुनिंबाने कीड लगेच मरत नाही, तिचं खाणं आणि वाढ थांबते. म्हणून दुसऱ्या दिवशी मावा तसाच दिसला तरी मात्रा वाढवू नका.