माद्रिदमधलं पैसे भरून घेतलेलं ओरिएंटेशन: शाळेत काही महिने काढल्यावर

स्पेनमधल्या शाळांत इंग्रजीची सहाय्यक शिक्षिका म्हणून आले, तेव्हा १ ऑक्टोबरला शाळा सुरू होण्याआधी एका खासगी संस्थेचं ओरिएंटेशन घेतलं होतं. हॉटेल, विमानतळावरून न्यायला गाडी, सत्रं, एक सहल असं सगळं त्यात होतं. तेव्हाच लिहिलं असतं तर ५ पैकी ५ दिले असते. नवख्या शहरात कुणी हसून नाव विचारलं तरी भरून येतं. आता दुसरी टर्म संपत आलीय, आज ३ देते.

गाडीचे पैसे वायाच. बाराहास विमानतळावरून पिवळी एक्सप्रेस बस रात्रंदिवस असते, ५ युरोत शहरात सोडते. मेट्रोही आहे. सहल छान झाली, फोटोही आलेत, बाकी काही नाही. खाण्यापिण्याच्या सत्रात जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊनंतर, एवढं सांगितलं. शाकाहारी लोकांना खरी गरज होती ती माहिती हॉटेलात स्वतःच मिळवावी लागली: 'मांस नको' म्हटलं की ट्यूना घातलेलं सॅलड येतं, कारण इथे मासा मांसात धरत नाहीत. माद्रिदच्या लावापिएस भागातल्या बांगलादेशी दुकानांत मसूर, तांदूळ, हिरव्या मिरच्या मिळतात, हेही कुणी सांगितलं नाही.

माझी मुख्य तक्रार कागदपत्रांबद्दल आहे. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलात की देशात आल्यापासून महिन्याभरात टीआयई कार्डासाठी, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा असतो. त्यासाठी ईएक्स-१७ फॉर्म, ७९० क्रमांकाच्या फॉर्मवर बँकेत भरलेली फी, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायची अपॉइंटमेंट लागते. ही अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे तत्काळ तिकीट काढण्यासारखं आहे, साइट उघडते तोवर जागा संपलेल्या. त्यात पत्त्याचा पुरावा म्हणून नगरपालिकेतली नोंद, म्हणजे पाद्रोन, आमच्याकडे मागितली. पाद्रोनसाठी भाडेकरार किंवा घरमालकाची लेखी संमती हवी, आणि खोली भाड्याने देणारे कित्येक मालक ती द्यायला सरळ नकार देतात. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी 'इथे पाद्रोन करता येईल का?' हे विचारायचं. आम्हाला हे कधी कळलं? शेवटच्या दुपारी. तोवर गटातल्या दोघांनी इदेआलिस्ता या घरं शोधायच्या साइटवर खोल्या पाहून डिपॉझिट भरूनही टाकलं होतं.

पैशांबद्दल एक ओळ पुरे: पहिला भत्ता उशिरा येणार हे धरूनच दोन-तीन महिन्यांचा खर्च सोबत आणा. वयाची २६ वर्षं पूर्ण झाली नसतील तर प्रवासाचा तरुणांसाठीचा पास लगेच काढा. मी माद्रिदमधल्या काराबांचेलला राहते, शाळा शहराबाहेर हेताफेला आहे, आणि त्या एकाच पासवर दोन्हीकडे जाता येतं.

मग ३ तरी कशाचे? वर्गावरच्या अर्ध्या दिवसाचे. घेणाऱ्या बाई बरीच वर्षं सरकारी प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. मुलांसमोर स्पॅनिश येत नाही असंच दाखवा, नाहीतर ती इंग्रजीत बोलणारच नाहीत, हा त्यांचा सल्ला आजही रोज उपयोगी पडतो. मुलं उठून उभी राहणार नाहीत, थेट नावाने हाक मारतील, एकाच वेळी सगळी बोलतील. तो उद्धटपणा समजू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. पुण्याच्या शाळेत 'मॅम' ऐकायची सवय असलेल्या मला पहिल्या आठवड्यात त्याचा फार आधार वाटला. घरून हाताळता येतील अशा वस्तू आणा, हेही त्यांचंच म्हणणं, पण ते आम्ही निघण्याआधी ईमेलने कळवायला हवं होतं. माझ्याकडे सुदैवाने रांगोळीचे छापे होते. दिवाळीत चौथीच्या मुलांनी मातीचा किल्ला केला, त्यावर मावळ्यांऐवजी फुटबॉलपटू उभे केले. किल्ल्यांचा देश, त्यामुळे बुरुज कुठे हवेत हे मला शिकवावं लागलं नाही. इंग्रजी मात्र त्या तासाला भरपूर झालं.

स्पॅनिश बऱ्यापैकी येत असेल आणि माद्रिदमध्ये कुणी ओळखीचं असेल, तर हे पैसे खोलीच्या भाड्याला ठेवा. माझ्या फीमध्ये एका महिन्याचं भाडं निघालं असतं. अगदी एकट्याने, भाषा कच्ची असताना येणार असाल तर घ्या. फक्त पैसे भरण्याआधी संस्थेला वेळापत्रक मागा आणि पाद्रोन-टीआयईचं सत्र कुठल्या दिवशी आहे ते बघा. शेवटच्या दिवशी असेल तर दुसरं पॅकेज शोधा.